फुटाण्याचं पिंप

सुलोचना पालशेतकरच्या तोंडून एकदा शब्द बाहेर पडला की तो माघारी फिरत नाही. भानुदासला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे लग्न झाल्या झाल्या कळलं. तिनं केलेल्या कालवणात त्यानं वरून मीठ घेतलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पुन्हा असं केलंत तर तुमचं कालवण तुम्ही करायचं." पुढच्याच आठवड्यात त्याचा हात सवयीनं मिठाकडे गेला. त्यानंतर महिनाभर तो रोज संध्याकाळी कालवण करत होता आणि ती शेजारी पाटावर बसून कांदा कसा चिरायचा ते सांगत होती. बाई दुष्ट अजिबात नाही. फक्त एकदा बोलली की झालं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे रामायण घडलं ते तिच्या अशाच एका शब्दापायी.

सुलोचना मूळची गुहागरकडची. ओमानला आली तेव्हा पहिली काही वर्षं मस्कतच्या हमरिया भागात एका खोलीत गेली. खिडकीत ऑलिव्हच्या रिकाम्या डब्यात पुदिना लावायचा आणि त्यालाच बाग म्हणायचं, अशी परिस्थिती. मग भानुदासला सोहारच्या बंदरात क्रेनवर काम मिळालं आणि गावाबाहेर अर्बाब, म्हणजे मालक, कासमच्या खजुरीच्या बागेला लागून असलेलं जुनं बैठं घर भाड्यानं मिळालं. घरामागे मोकळी जमीन होती आणि विहिरीचं पाणी होतं. पहिल्या दिवशी सामान तसंच ट्रकमध्ये ठेवून सुलोचना मागच्या दारी गेली, चपला काढल्या आणि मातीत उभी राहिली. भानुदास हाका मारून दमला. तिचा आनंद तिच्या तळव्यांतून वर चढत होता, त्याला वेळ लागणारच.

त्या जमिनीत तिनं हळूहळू अर्धं कोकण उभं केलं. हिरव्या जाळीच्या सावलीत अळू, विहिरीच्या कडेला माठ, मांडवावर पडवळ आणि शिराळी, पलीकडे भेंडी आणि लाल भोपळ्याचा वेल. सोहारच्या उन्हाळ्यात ही झाडं जगवायची म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची मनधरणी करायची. तिला ती मनधरणी आवडायची. मुलगी पुण्याला शिकायला गेली, तेव्हापासून तर जास्तच.

आणि याच बागेपायी वसुंधराकाकू दरवर्षी मस्कतमधल्या कुरुमहून सोहारला येऊ लागल्या. काकूंचा मुलगा प्रशांत भानुदासचा पूर्वीचा सोबती. आता मस्कतला मोठ्या हुद्द्यावर होता. काकू ऋषिपंचमी कडक पाळणाऱ्या. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. माणसानं हातानं उकरून, हातानं पाणी घालून उगवलेलं तेवढंच पोटात जायचं. ऋषीची भाजी त्यासाठीच असते. मस्कतच्या दुकानात भाजी रगड मिळते, पण ती कुणी कशी उगवली हे कोण सांगणार? सुलोचनाची बाग मात्र फावड्यावर आणि बादलीवर चाललेली. मग प्रशांत रजा टाकायचा, काकूंना गाडीत घालायचा आणि दुपारी सगळे सोहारला पंगतीला बसायचे.

गेल्या वर्षी मात्र फजिती झाली. पंचमीच्या आधी नाकतोडे आले, त्यांच्या मागून हिरव्या अळ्या आल्या, आणि अळवाच्या पानांची चाळण झाली. भेंडीला तर नुसते दांडे उरले. सुलोचनानं शेवटी दुकानातून भाजी आणली आणि काकूंना खरं ते सांगून टाकलं. काकू रागावल्या नाहीत. "असू दे गो," म्हणाल्या आणि दिवसभर पाण्यावर राहिल्या. एवढी म्हातारी बाई आपल्या घरून उपाशी परत गेली, हे सुलोचनाच्या मनाला फार लागलं.

"दवा मत डालो," शेजारची गुलबानू खाला म्हणाली. गुलबानू म्हणजे अर्बाब कासमची बायको, बलुची, हिंदी फर्डी बोलणारी. "दवा डालोगी तो भाजी भी जहर, मिट्टी भी जहर. मुर्गी रखो. कीडा खलास." आणि दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीत घालून तीन कोंबड्या पाठवून दिल्या. एक काळी, एक पिवळी आणि एक ठिपक्यांची. ठिपक्यांची टोपलीतून उतरली, मान वाकडी करून तिनं अंगणाची पाहणी केली, आणि सुलोचनाच्या अंगठ्याला टोच मारून पुढे गेली. तिचं नाव तिथल्या तिथे मामलेदारीण पडलं.

आता अडचण एकच होती, आणि ती शेपूट हलवत उभी होती.

फुटाणा हा त्या घरातला कुत्रा. बंदरात एका रिकाम्या कंटेनरखाली भानुदासला सापडला, तेव्हा तो मुठीएवढा होता आणि भाजलेल्या हरभऱ्यासारखा जागच्या जागी उडत होता. वाढला तरी उडायची खोड गेली नाही. भानुदासनं त्याच्यासाठी एक मोठं निळं प्लॅस्टिकचं पिंप आणलं, खजुरीच्या सावलीत आडवं केलं, वरून ओली पोती टाकली आणि आत गोणपाट अंथरलं. उन्हाळ्यात सगळ्या सोहारात गारव्याची तशी जागा नसेल. दिवसभर तोंडावर पंजा ठेवून तो आत घोरत पडायचा. सुलोचना त्याला येता-जाता 'फुकट्या' म्हणायची आणि आपल्या ताटातला माशाचा तुकडा चोरून त्याला घालायची. भानुदासला हे माहीत होतं. तो माहीत नसल्यासारखं करायचा.

कोंबड्या आल्या त्या दिवशी फुटाण्यानं एका उडीत कुंपण पार केलं. काळी एकीकडे, पिवळी दुसरीकडे, अंगणभर धुरळा. मामलेदारीण तेवढी पळाली नाही. ती जागच्या जागी फुलली आणि फुटाणा जवळ येताच त्याच्या नाकाच्या शेंड्यावर अशी टोच हाणली की तो केकाटत भानुदासच्या पायांत शिरला.

सुलोचना ओट्यावरून हे बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे उपाशी काकू उभ्या राहिल्या आणि तिच्या तोंडून तो शब्द गेला. "याच्या तोंडाला एक जरी पीस दिसलं, तर याला प्रशांतकडे पाठवीन. त्याला कुत्रा हवाच आहे."

भानुदासनं कपाळाला हात लावला. बोलून बसल्यावर सुलोचनानंही जीभ चावली, कारण प्रशांतच्या घरी माती नव्हती, फरशी होती. पण आता शब्द गेला होता.

मग तिनं कंबर कसली. कुत्रा जाऊ नये असं वाटत असेल तर त्याला शिकवणं भाग होतं. ती गाऊनच्या खिशात सुकी तारली मासळी घेऊन फिरू लागली. कोंबड्या जाळीच्या आत, फुटाणा दोरीला बांधून जाळीच्या बाहेर, आणि मध्ये स्टुलावर ही. तो कोंबड्यांकडे झेपावला की ही म्हणायची, "खलास." तो बसला की एक तारली. उठला की पुन्हा खलास. घरभर तारल्यांचा वास सुटला. भानुदास म्हणाला, "सुलू, आता मलापण 'खलास' म्हटलं की मी खालीच बसतो." थंडी सरेपर्यंत फुटाणा दोरीशिवाय बसायला शिकला. उन्हं तापू लागली तेव्हा कोंबड्या त्याच्या समोरून फिरायच्या आणि तो नुसता डोळे मिटून उसासा टाकायचा.

एका दुपारी तर सुलोचनानं भानुदासला खुणेनं मागच्या दारी बोलावलं. फुटाणा कुशीवर पसरला होता आणि मामलेदारीण त्याच्या पाठीवरच्या गोचिडी एकेक करून टिपत होती. तो श्वासही बेतानं घेत होता. सुलोचना तोंडावर हात धरून हसत सुटली.

बागेचं तर सोनं झालं. कोंबड्या भेंडीखालून नाकतोडे उडवायच्या आणि हवेतच धरायच्या. अळ्या, वाळवी, गोगलगायी, काही म्हणून सोडलं नाही. कोवळी रोपं उकरतात म्हणून त्यांच्याभोवती तिनं खजुरीच्या झावळ्यांची कुंपणं केली, बाकी बाग त्यांना मोकळी. अळवाची पानं छत्रीएवढी झाली. अंडी मिळत होती ती वेगळीच. गुलबानूचा कोंबडा भिंतीवरून रोज पाहुणचाराला यायचा, त्याला कुणी हटकायचं नाही.

सगळं असं छान चाललेलं असताना श्रावणात काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि शेवटी काकूंनी विचारलं, "सुलोचने, यंदा जनावराच्या कष्टाचं नाही ना गो काही?"

"छे हो काकू," सुलोचना म्हणाली, फोन ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर तिन्ही कोंबड्या अळवाखालची माती दोन्ही पायांनी उकरत होत्या. अगदी मन लावून, घाम गाळल्यासारख्या.

हे कष्ट नव्हेत तर काय? बैल नांगरतो, ह्या उकरतात. मान खाली घालून दिवसभर राबतात, वर खतही घालतात. काकूंना विचारावं तर त्या नको म्हणायच्या, आणि मग पुन्हा पाण्यावर. त्यापेक्षा निदान आजपासून तरी बाग निर्मळ राहू दे. असा कोकणी विचार करून तिनं त्याच संध्याकाळी बागेला चहूबाजूंनी जाळी मारली आणि कोंबड्यांना बाहेर काढलं.

"अगो, पण किडे?" भानुदास म्हणाला.

"मी आहे ना."

आणि खरोखरच कोंबड्यांचं काम ती करू लागली. सकाळ-संध्याकाळ वाफ्यात ओणवी होऊन अळ्या वेचायची आणि मूठमूठ जाळीबाहेर फेकायची. बाहेर कोंबड्या रांगेत उभ्या. त्यांना बसल्या जागी जेवण मिळू लागलं. हिची मात्र कंबर मोडली.

काळी आणि पिवळी रुळल्या, पण मामलेदारीण रुसली. तिची अंडी घालायची जागा अळवाच्या गारव्यात होती, ती गेली. काही दिवस ती जाळीला धडका देत फिरली आणि मग एक दिवस नाहीशीच झाली. सुलोचनानं विहीर पाहिली, खजुरीची बाग पालथी घातली, गुलबानूकडे विचारून आली. कुठेच नाही. शेवटी ती पिंपाशी आली. फुटाणा पिंपाच्या तोंडाशी उन्हात पडला होता, जिभेचा लोळा बाहेर. त्याच्यासमोर ठिपक्यांची पिसं विखुरलेली होती. एक त्याच्या मिशीला चिकटलं होतं.

ती आत बघायला वाकली तर खोल, खर्जातली गुरगुर आली. ती मागे सरली. फुटाणा तिच्यावर आजवर कधी गुरगुरला नव्हता. त्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून घातली.

भानुदास कामावरून आला तेव्हा ती ओट्यावर ते पीस हातात धरून बसली होती. त्यानं पीस पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"पंचमीला प्रशांत येईल तेव्हा घेऊन जाईल," ती म्हणाली. "मी फोन केला."

"बघ हो," एवढंच तो म्हणाला आणि आत गेला. त्या दिवशी कालवण अळणी झालं होतं. तो मुकाट्यानं जेवला.

पंचमीला अजून काही आठवडे होते. फुटाणा वाळत चालला. पिंपात जायचंच त्यानं सोडलं. दुपारच्या फुफाट्यात बाहेर पडून राहायचा. कुणी पिंपाजवळ गेलं की गुरगुर यायची. "त्याला कळलंय, आपण त्याला काढणार आहोत," भानुदास म्हणाला. सुलोचना त्याच्या ताटलीत जास्तीचा भात घालायची. ताटली चाटूनपुसून साफ व्हायची, तरी कुत्रा वाळतोय कसा, याचं तिला कोडं पडलं होतं.

पंचमीला सकाळीच प्रशांतची गाडी आली. काकू काठी टेकत उतरल्या. प्रशांतच्या हातात नवाकोरा लाल पट्टा होता. "वहिनी, यल्ला, चला, दाखवा आमचा पाहुणा," तो म्हणाला.

"आधी भाजी कापते," सुलोचना म्हणाली. विळी घेतली आणि फुटाण्याची ताटली भरून घेतली. आज भातावर तिनं तारल्या कुस्करल्या होत्या. ताटली त्याच्यासमोर ठेवताना तिला त्याच्याकडे बघवलं नाही. ती तशीच जाळीचं दार उघडून भेंडीच्या आड गेली आणि भेंडीच्या झाडांना कळणार नाही अशा बेतानं डोळे पुसले.

पानांच्या फटीतून तिला फुटाणा दिसत होता. तो ताटलीशी आला, वास घेतला, आणि दोन पावलं मागं होऊन बसला. खाईना. पिंपाकडे बघत राहिला. तेवढ्यात गुरगुर आली. सुलोचनानं नीट पाहिलं. फुटाण्याचं तोंड मिटलेलं होतं. तो पिंपापासून चांगला लांब होता, आणि गुरगुर पिंपातून येत होती.

मग पिंपातून मामलेदारीण बाहेर आली. पिसं फुलवलेली, छातीचा भाग उघडा पडलेला, चेहऱ्यावर तोच जुना तोरा. ती थेट ताटलीशी गेली आणि तारल्या निवडून खाऊ लागली. फुटाण्यानं पुढे व्हायला एक पंजा उचलला, तशी ती पोकळ गळ्यातून पुन्हा गुरगुरली. त्यानं पंजा खाली ठेवला. ती निवांत जेवली, चोच मातीला पुसली, आणि तिच्या मागोमाग पिंपातून पिवळे, काळे, ठिपक्यांचे गोळे बाहेर पडू लागले. चिवचिवाट झाला. एक पिल्लू फुटाण्याच्या पंजावर चढलं. तो बिचारा हलायलासुद्धा भ्याला.

सुलोचना मटकन वाफ्यात बसली. गुहागरात लहानाची मोठी झालेली बाई, तिनं माहेरी किती खुडूक कोंबड्या पाहिल्या असतील. रवणीवरची, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी अशीच गुरगुरते, स्वतःच्या छातीची पिसं उपटते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण पिंपात घुमलेला तो आवाज आणि डोक्यातला राग, दोन्हींनी मिळून तिला फसवलं. आधी बाईनं कोंबडीला घराबाहेर काढलं, मग कोंबडीनं कुत्र्याला काढलं, आणि आता त्याच कुत्र्याला बाई कुरुमला काढायला निघाली होती. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम येऊ लागलं.

ती विळी टाकून अंगणात आली तेव्हा तिच्या केसांत भेंडीची पानं होती. भानुदास घाबरला. तिनं त्याला, प्रशांतला आणि काकूंना हाताला धरधरून पिंपासमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. मग ती प्रशांतला म्हणाली, "भाऊजी, कुत्रा मिळायचा नाही. मी चुकले. माझा शब्द मी मागं घेते."

भानुदास तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हे वाक्य त्यानं संसारात पहिल्यांदाच ऐकलं होतं. प्रशांतनं पट्ट्याची गुंडाळी करून खिशात घातली. "राहू दे वहिनी," तो म्हणाला. "मला तर वाटतं, त्याला न्यायला परवानगी मामलेदारणीचीच लागेल."

काकू मात्र जाळीकडे बघत होत्या. "ही जाळी कशाला मारलीस?"

सुलोचनानं तेही सांगून टाकलं. नाकतोडे, उकरणं, फोन, सगळं. आता आज काकू जेवणार की नाही, एवढीच धाकधूक उरली होती. काकूंनी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकून घेतलं.

"बैलाला आपण जुंपतो," त्या म्हणाल्या. "मानेवर जू ठेवतो, त्याचं पीक आपण खातो. म्हणून एक दिवस त्याचं खायचं नाही. तुझ्या कोंबड्यांना कुणी जुंपलंय? त्या आपल्या पोटासाठी फिरतात. काढ ती जाळी, आणि भाजी कर. मला भूक लागली."

भानुदासनं एका बाजूची जाळी सोडली. काळी आणि पिवळी पंख पसरून आत धावल्या, आणि पाठोपाठ मामलेदारीण सगळा लवाजमा घेऊन अळवात शिरली.

पंगत फार उशिरा बसली, पण अशी ऋषीची भाजी सोहारात कुणी खाल्ली नसेल. काकूंनी तीनदा मागून घेतली. भानुदासला आज जरा धीर आला होता. त्यानं मिठाच्या वाटीकडे हात नेला आणि बायकोकडे पाहिलं.

"तो शब्द अजून आहे," सुलोचना म्हणाली. सगळे हसले आणि हात मागे आला.

जेवणं झाल्यावर तिनं एका ताटलीत भात आणि उरलेल्या सगळ्या तारल्या घेतल्या आणि मागच्या दारी गेली. ताटली पाहताच मामलेदारीण अळवातून तरातरा आली.

"खलास," सुलोचना तिला म्हणाली.

मामलेदारीण थांबली नाही. फुटाणा मात्र शहाण्यासारखा दोन पावलं मागे झाला आणि खाली बसला. त्याला वाटलं, नेहमीप्रमाणे आपल्यालाच म्हटलं. सुलोचनानं कोंबडीला पायानं बाजूला सारलं, ताटली उचलून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्याशेजारी मातीत बसली.

"तुला नाही रे म्हटलं," ती म्हणाली. "तू खा. तू कुठं जायचं नाहीस."

तो खाऊ लागला. ताटली रिकामी होईपर्यंत ती त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसून राहिली.